आक्का, यंदा पालात झोपायचं म्हणतोय!

मागच्या अंकात डोंगरावरच्या एका रात्रीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि शेवटी सहज म्हटलं की जत्रेला, गाण्याच्या मेळ्याला मुक्कामानं जाणाऱ्यांना काही विचारायचं असेल तर विचारा. झालं, संपादकांनी पिशवी भरून चिठ्ठ्या आणून दिल्या, त्यातल्या निम्म्या व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेल्या, प्रिंट काढलेल्या. त्यातल्या सात निवडल्यात. आणि एक आधीच सांगून ठेवतो, मी बेळगावच्या वडगावची बाई आहे, आमच्याकडं बायका 'जातो, येतो, खातो' असंच बोलतात, तेव्हा पुण्याकडच्या वाचकांनी मुद्रितशोधकाला फोन करू नयेत. त्या बिचाऱ्यानं दोनदा दुरुस्त केलं होतं, मीच परत खोडलं.

आक्का, मी मूळचा खानापूरचा, नोकरी पुण्यात आयटीत. आम्ही चौघा दोस्तांनी दोन टेंट घेतलेत ऑनलाइन, तीन-तीन माणसांचे. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेत दोन रात्री राहून चौंडक्याची गाणी ऐकायचीयत. कुठल्या पुनवेला यावं? टेंट कुठं लावायचा, बुकिंग असतंय काय?

बुकिंग म्हणे! अरे बाबा, तिथल्या बुकिंगला पन्नास-साठ वर्षं झाली, आज्जानं गाडी जिथं सोडली तिथंच नातवाचा टेंपो लागतो. डोंगरावरच्या माळावर गावागावांचे तळ ठरलेले आहेत, कागदावर कुठं नाही पण सगळ्यांना ठाऊक असतं. तू मोकळी जागा बघून टेंट ठोकशील आणि रात्री अकराला चाळीस माणसांचा ट्रॅक्टर येऊन उभा राहील, 'ही आमची जागा' म्हणतील आणि ते खरंच बोलत असतील. म्हणून सरळ उपाय सांगतो, तुझ्या खानापूर भागातनं जे लोक दरसाल जातात त्यांना आधी गाठ, 'तुमच्या तळाच्या कडेला दोन टेंट लावतो' म्हण, जाताना पाच किलो तांदूळ नाहीतर एक पोतं सरपण घेऊन जा. कुणी नाही म्हणत नाही.

पुनवेचं म्हणशील तर वर्षात बऱ्याच भरतात, पण मोठी गर्दी तीन पुनवांना. मार्गशीर्षातली ती रांडाव पुनव, देवीच्या बांगड्या त्या दिवशी फुटतात, कोल्हापूरकडची मंडळी याच पुनवेला लोटतात. पौषातली बनाची, कानडीत बनद हुण्णिमे. आणि माघातली अहेव पुनव, कानडी लोक भारत हुण्णिमे म्हणतात, त्या दिवशी देवी परत चुडा भरते. चौघांची पहिलीच खेप असेल तर माझं ऐक, ऐन पुनवेला नको, दोन दिवस आधी या आणि पुनवेच्या सकाळी दर्शन झालं की सुटा. आधीच्या रात्री माणसं निवांत असतात, गाणाऱ्यांचा गळा ताजा असतो, आणि बेळगावहनं ८० किलोमीटरचा रस्ता पण मोकळा मिळतो. डोंगर चढायच्या आधी खाली जोगुळभावीला आंघोळ करायची पद्धत आहे. तुम्ही नाही केली तर कुणी रागवत नाही, पण तिथं थांबा थोडा वेळ, पहिलं चौंडकं बहुतेक तिथंच कानावर पडतं.

आता टेंट. तीन माणसांचा म्हणजे दोन माणसं आणि दोन बॅगा, हे धरून चाला. डोंगरावर मुरूम आहे, टेंटबरोबर येतात त्या अल्युमिनियमच्या बारक्या खुंट्या पहिल्या घावाला केळीसारख्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातनं सहा इंची खिळे घ्या, दोन डझन, आणि हातोडी, नाहीतर दोरी दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड. वारा रात्री दोनच्या पुढं सुटतो. खाली आधी ताडपत्री, त्यावर पोती नाहीतर जाड चटई, त्यावर अंथरूण, कारण थंडी वरनं येते त्यापेक्षा जास्त जमिनीतनं येते, हे आयटीवाल्यांना कळत नाही, दोन-दोन स्वेटर घालून उघड्या ताडपत्रीवर झोपतात आणि सकाळी पाठ धरून बसतात. टेंटची चेन पूर्ण लावू नका. चौघांच्या श्वासानं आतनं घाम सुटतो आणि पहाटे तोंडावर थेंब पडतात.

आणि दोऱ्या! हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण यात आमची इज्जत गेलीय. माझा भाचा असाच नवा टेंट घेऊन आला, निळा झ्याक, चारी बाजूला दोऱ्या ताणल्या, त्यातली एक नेमकी दोन तळांमधल्या पायवाटेवर. संध्याकाळी एक जोगतीण, यल्लम्माला सोडलेली बाई, डोक्यावर जग घेऊन आली, म्हणजे देवीचा मुखवटा ठेवलेली ती पितळी घागर-टोपली, मोरपिसं लावलेली, वजन म्हणशील तर आपल्याला दोन हातानं उचलताना कण्हायला होईल, आणि ती हात न लावता चालते. दोरीत पाय अडकला. मी बघतोय, जग एका बाजूला कलला, मागचं सगळं वाजणं थांबलं, आणि त्या बाईनं नुसती मान फिरवली, पाय सोडवला, जग सरळ. मग भाच्याकडं बघून कानडीत जे काही बोलली ते मला छापायला परवानगी नाही. मी पाया पडलो, चहा दिला, तेव्हा हसली. त्या दिवसापासनं आमच्या प्रत्येक दोरीला लाल प्लास्टिकच्या पिशवीच्या चिंध्या बांधलेल्या असतात, रात्री टॉर्चमध्ये दिसतात. तुम्ही पण बांधा, आणि वाट सोडून ठोका.

गाणी म्हणशील तर देवळाच्या आवारातल्या स्पीकरवर वाजतात ती गाणी तुला पुण्यात बसून पण मिळतील. खरं गाणं रात्री नैवेद्य झाल्यावर तळावर सुरू होतं, दहा-साडेदहाच्या पुढं, कुणी सूत्रसंचालक नाही, कुणीतरी तुणतुणं लावायला घेतं आणि टुंग-टुंग करत सूर जुळेपर्यंत निम्मी माणसं जेवणच करत असतात. चौंडकं जवळनं बघ. लाकडाचं पोकळ नळकांडं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं, कातड्याच्या मधोमधनं तार निघून बाहेर एका मुठीला बांधलेली. डाव्या काखेत धरायचं, डाव्या हातानं मूठ ओढायची नि ढिली सोडायची, उजव्या हातातल्या काडीनं तार छेडायची. ओढलं की आवाज वर चढतो, सोडलं की खाली येतो, त्यामुळं ते वाद्य वाजत नाही, बोलतं, 'हो की हो की' म्हणल्यासारखं. मुख्य गाणारी एक ओळ टाकते आणि मागचे झील धरतात, म्हणजे तीच ओळ मागनं ओढतात. मध्यरात्रीनंतर दव पडलं की कातडं ढिलं पडतं, आवाज बसतो, मग चौंडकं शेकोटीजवळ नेऊन शेकतात, बोटानं टिचकी मारून बघतात, परत शेकतात. त्या पाच मिनिटांत चहा होतो आणि तेव्हाच त्यांच्याशी बोलायला मिळतं. रेणुकेची, म्हणजे यल्लम्माचीच, गोष्ट तेव्हा ऐका, रोज वाळूचा घडा करून सापाची चुंबळ करून पाणी आणणारी ती, आणि एक दिवस घडा का मोडला. प्रत्येक गावाची गोष्ट जरा जरा वेगळी असते आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते.

आक्का नमस्कार, मी निपाणीची. सासूबाईंचा नवस आहे म्हणून चिंचलीच्या मायाक्काला दोन रात्री मुक्कामी जायचंय, बरोबर आठ वर्षांचा मुलगा. ढोल ऐकायची मला पण हौस आहे, पण बायकांनी उघड्यावर राहायचं म्हणजे संडास-बाथरूमचं काय करायचं? त्यात माझी तारीख पण तेव्हाच येतेय.

बाई, तू हे विचारलंस ते फार बरं केलंस, कारण चिठ्ठ्यांमध्ये अठरा बायकांचा हाच प्रश्न आहे, पण सतरा जणींनी 'इतर सोयी कशा असतात' असं घालून विचारलाय.

यात्रेत तात्पुरते संडास उभे करतात, पण संध्याकाळपर्यंत त्यांची काय अवस्था होते ते मी लिहीत नाही, तू जेवत वाचत असशील. आम्ही बायका काय करतो, आमची स्वतःची व्यवस्था नेतो. चार बांबू, जुन्या दोन साड्या नाहीतर शेतातलं हिरवं नेट, झाकणाची बादली, पाण्याचा मग आणि एक छोटं खुरपं. टेंपोच्या मागच्या बाजूला आडोसा उभा करायचा, आंघोळीला आणि रात्री लघवीला. बाकीच्यासाठी पहाटे उजाडायच्या आधी जायचं, दोघी-तिघी मिळून, टॉर्च घेऊन, पाण्यापासनं लांब, खड्डा करून माती ओढायची. रस्त्यालगतच्या गावात एखाद्या घरी विचारलंस तर बायका बाथरूम वापरायला देतात, पन्नास रुपये पुढं केले तर बहुतेक जणी घेत नाहीत, मग पोराच्या हातात खाऊ दे. तारखेचं म्हणशील तर पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या काळ्या पिशवीत साठव आणि घरी परत आण, माळावर टाकू नकोस, कुत्री ओढतात. दर्शनाला जायचं की नाही ते तू आणि सासूबाई ठरवा, पण ढोल ऐकायला कुणाची आडकाठी नाही.

पोराच्या शर्टच्या आतल्या खिशात तुझा आणि नवऱ्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून, वर सेफ्टी पिन लाव. फोन द्यायचा नाही, हरवतो. पहिल्याच संध्याकाळी त्याला तळापासनं एक खूण दाखव, पाण्याची टाकी, विजेचा खांब, असलं हलणार नाही ते, कारण आमच्या शेजारच्या पोरानं 'निळ्या टेंपोजवळ' म्हणून लक्षात ठेवलं आणि निळा टेंपो दुपारी पाणी आणायला गेला.

ढोलाजवळ पोराला पुढं बसवू नको. धनगरी ढोल एक वाजत नाही, वीस-पंचवीस एकदम उठतात, बरोबर कैताळ म्हणजे झांजा, छातीत दणका बसतो. दहा-पंधरा फूट मागं बस आणि कानात कापूस घाल, दोघांच्या पण. भंडारा उधळतात तेव्हा डोळे मिटून तोंडावर ओढणी, हळदीचा असेल तर काही नाही पण हल्ली पिवळी पूड मिसळतात ती झोंबते, चोळायचं नाही, पाण्यानं धुवायचं. चांगले कपडे तर नेऊच नको. आणि फोन कॅरीबॅगमध्ये घालून वर रबर लाव, माझ्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात भंडारा जाऊन बसला तो दुरुस्तीवाल्यानं टाचणीनं काढला आणि दीडशे रुपये घेतले, वर म्हणतो कसा, 'आक्का, चिंचलीला जाऊन आला वाटतं.'

रात्री ओव्या सुरू झाल्या की मात्र पोराला झोपवून तू जाऊन बस. दोन फळ्या समोरासमोर बसतात, म्होरक्या कानावर हात ठेवून ओवी उचलतो, मागचे ओढून नेतात, मग मधेच गाणं थांबवून तीच गोष्ट साध्या बोलण्यात सांगतात, त्याला सपादनी म्हणतात. ती नसती तर निम्मं गाणं डोक्यावरनं गेलं असतं. कानडी मुलखातनं आलेले कुरबर लोक, म्हणजे तिकडचे धनगर, डोळ्ळिन पद म्हणजे ढोलाची गाणी म्हणतात, ते बिरप्पाचं गातात, आपले बिरोबाचं गातात, देव तोच. गाडी नसेल तर मिरज-बेळगाव लाइनवर चिंचलीला स्टेशन आहे, पण यात्रेत डब्यात शिरायला मिळालं तर तुझं नशीब.

मी राणी चन्नम्मा विद्यापीठात शिकतो. जोगतिणींची आणि जोगत्यांची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून युट्यूबवर टाकायचा विचार आहे, लोकांपर्यंत पोचली पाहिजेत म्हणून. चांगलं रेकॉर्डिंग कसं करायचं?

लोकांपर्यंत पोचली पाहिजेत हे खरं, पण आधी त्यांना विचारलंस काय? मी तीन वेळा बघितलंय, एक बाई मांडी घालून डोळे मिटून गातेय आणि तिच्या नाकासमोर चार मोबाइल, लाइट चालू. ती गायची थांबली तर 'इन्नोंद हाडरी', अजून एक म्हणा, म्हणून वर ऑर्डर. एकदा तर पोरं रेकॉर्ड करून दक्षिणा पण न देता उठून गेली, आणि त्या म्हातारीनं मला विचारलं, 'माझा फोटो कुठं जातोय की?' मला उत्तर आलं नाही.

जोगतिणींच्या आयुष्याबद्दल तुला माहीत असलं पाहिजे, तू शिकलेला आहेस. पोरींना देवाला सोडायची प्रथा कायद्यानं बंद आहे, आपल्याकडं मुंबई इलाख्यात १९३४ सालीच पहिला कायदा झाला आणि कर्नाटकानं १९८२ मध्ये स्वतःचा केला. तरी ज्या सोडल्या गेल्या त्या आहेत, म्हाताऱ्या झाल्यात, काही जणींची पोरं-नातवंडं शहरात नोकरी करतात आणि आईचा व्हिडिओ फिरलेला त्यांना नको असतो. गाण्याला बंदी नाही, गाणं त्यांचं आहे, पण तोंड दाखवायचं की नाही हे पण त्यांचंच. दुसरी बाजू पण बघ, बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती, जोगती नृत्य करत करत कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ ला पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव घेतलंस तर डोंगरावर बऱ्याच जणींचा चेहरा खुलतो, ओळख काढायला चांगलं आहे.

तर क्रम असा ठेव. पहिली रात्र नुसता बस, फोन खिशात. झील धरायला आली तर धर. दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी जाऊन विचार की आवाज घेऊ काय, चेहरा घेऊ काय, कुठं टाकणार आहे, पैसे आले तर किती देणार. त्यांच्या परडीत, देवीच्या टोपलीत, शंभर-दोनशे आधीच घाल, नंतर नव्हे. नाव, गाव, गाणं कुणाकडनं शिकली ते वहीत लिही आणि टाकशील तिथं तेच नाव पहिलं टाक, तुझ्या चॅनेलचं नंतर.

रेकॉर्डिंगचं म्हणशील तर, फोन फ्लाइट मोडवर टाक नाहीतर मधेच आईचा फोन येतोय. चौंडक्याच्या समोर धरायचा नाही, काडीचा आवाज फाटतो आणि गळा मागं पडतो. गाणारीच्या बाजूला तीन-चार हात लांब, जमिनीवर दुमडलेल्या टॉवेलवर ठेव, माइकचं भोक वाऱ्याच्या उलट दिशेला, त्यावर पातळ रुमालाचं एक पदर. पन्नास पावलांवर कुणाचा जनरेटर किंवा स्पीकर चालू असेल तर सोडून दे, पहाटे चारला परत ये. चारला सगळी यंत्रं दमलेली असतात. आणि थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते, पॉवर बँक अंगाजवळ पांघरुणात ठेव.

आम्ही गडहिंग्लजचे. मागच्या साली आमच्या तळाशेजारी एका मंडळानं डीजे आणला, रात्री तीनपर्यंत सिनेमाची गाणी. आमच्या म्हाताऱ्यांची गाणी बंद पडली. काय करायचं?

कायद्यानं रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद पाहिजे, २००० सालचा केंद्राचा नियम आहे. राज्य सरकारला सणासुदीला १२ पर्यंत सवलत देता येते, पण वर्षातनं फार तर १५ दिवस, आणि तीन वाजेपर्यंत कुणालाच नाही. ११२ ला फोन करता येतो, यात्रेत पोलीस चौकी पण असते. पण मी काय करतो सांगू? संध्याकाळीच, डीजे सुरू व्हायच्या आधी, आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई घेऊन त्यांच्या तळावर जातो, भाकरी-वडीचा नैवेद्य देतो आणि विचारतो, 'पोरांनो, तुमचं किती वाजेपर्यंत हाय?' सांगितलेली वेळ पोरं बहुतेक पाळतात. नाही पाळली तर मग फोन.

आक्का, यात्रेची गर्दी नको. आम्ही दहा-बारा भजनी मंडळी जांबोटीच्या पुढं जंगलात एक रात्र तंबू ठोकून शेकोटीवर भजन करायचं म्हणतोय. जागा सुचवा.

सुचवत नाही. जांबोटी, कणकुंबीकडचं जंगल भजनाला कितीही छान वाटलं तरी ते कुणाचं तरी घर आहे. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासनं अभयारण्य आहे, आत अस्वलं आहेत, गवे आहेत, आणि अस्वलाला टाळ-मृदंगाची आवड नसते. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत मुक्काम म्हणजे गुन्हा, शेकोटी तर त्याहून मोठा. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या पाल्यावर एक ठिणगी पडली तर काय होतं ते त्या भागातल्या लोकांना विचारा.

त्यापेक्षा कुणाच्या तरी शेतात करा. भात कापणी झाली की नोव्हेंबर-डिसेंबरात खाचरं मोकळी असतात, मालकाला विचारा, त्याला पण भजनाला बसवा, गावातलं मंडळ बोलवा. बिळांच्या कडेला, बांधाला खेटून तंबू नको, तिथं घोणस असते. बूट झटकून घालायचे, अंथरूण झटकून घालायचं. साप चावलाच तर कापायचं नाही, बांधायचं नाही, मंत्र नाही, हालचाल कमी ठेवून १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. जायच्या आधी जवळचा दवाखाना कुठला आणि तिथं सर्पविषावरची लस आहे काय हे विचारून ठेवा. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

मी टिळकवाडीत राहते, वय ६१. लेक कॅनडात विनिपेगला आहे. म्हणते, आई जुलैत ये, इथं फोक फेस्टिव्हल असतो, चार दिवस तंबूत राहायचं. मला हसू पण येतंय आणि भीती पण वाटतेय. जाऊ का?

जावा की! तुम्ही लहानपणी गणपतीत नाटकाला संध्याकाळी पाचलाच सतरंजी टाकून जागा धरायला गेला असाल. तिथं अगदी तेच चालतं बघा, सकाळी गेट उघडलं की लोक ताडपत्र्या घेऊन मुख्य स्टेजसमोर पळतात, गवतावर पसरतात आणि ती दिवसभर त्यांची जागा. १९७४ पासनं चालू आहे तो मेळा, गावाबाहेर बर्ड्स हिल नावाच्या मोठ्या पार्कात. जुलैत तिथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळं झोपेचं गणित चुकतं. दिवसा छोट्या स्टेजवर वेगवेगळ्या देशांचे, एकमेकांना कधी न भेटलेले कलाकार एकत्र बसवतात आणि काय जमतंय ते बघतात, ते चुकवू नका, संध्याकाळच्या मोठ्या प्रोग्रॅमपेक्षा त्यात मजा जास्त.

लेकीला सांगा दंगा नसलेल्या, शांत बाजूच्या कॅम्पात जागा घे, दुसऱ्या बाजूला पोरं पहाटेपर्यंत वाजवत बसतात (पहिल्या रात्री शांत बाजूला झोपा, दुसऱ्या रात्री तिकडं जाऊन बसा). डास आपल्या पावसाळ्यापेक्षा वाईट, पूर्ण बाह्यांचे कपडे न्या. गवतातनं चालून आलात की पायावर गोचिडी बघायच्या. साडीवर जाणार असाल तर सुतीच, आणि बूट घाला, चप्पल दवात घसरते.

मी शहापूरचा, वय ६८, गुडघे गेलेत. मुलगा म्हणतो बाबा, राजस्थानात कबीर यात्रा असते, गावोगाव फिरत रात्रभर भजन, जाऊया. झेपेल का? नाहीतर आपल्याकडं काही आहे का? आणि बरोबर खायला काय न्यावं?

काका, तुम्हाला जायचंय हे चिठ्ठीवरनंच कळतंय, गुडघे नुसते निमित्त. बिकानेरकडची ती यात्रा २०१२ पासनं होते, रोज नवं गाव, रोज रात्री उशिरापर्यंत गाणं, म्हणजे रोज बॅग भरायची, बसमध्ये चढायचं. गुडघ्यांना ते जड जाईल. माळव्यात पण कबीर यात्रा होते, कबीर गाणाऱ्या प्रल्हादसिंह टिपाणियांच्या मंडळींची, तिकडं ज्या खेड्यांतनं तंबोऱ्यावर निर्गुणी भजनं गातात त्याच मुलखात आपले कुमार गंधर्व आजारपणात देवासला पडून होते. आपलेच म्हणायचे, इथनं सुळेभावी किती लांब आहे? १९२४ चा जन्म तिथला. छातीच्या आजारात गायची बंदी, आणि खिडकीतनं ऐकू येणाऱ्या लोकगीतांवर कान लावून बसलेले. मी एकदा सुळेभावीच्या लक्ष्मीच्या जत्रेत एका म्हाताऱ्याला विचारलं कुमारांचं घर कुठं, तो म्हणाला, 'कोण, गाणारा शिवपुत्र? तो लहानपणीच गेला गाव सोडून', जसा काही काल गेला. शिवपुत्र हे कुमारांचं मूळ नाव.

यंदा कित्तूरपासनं सुरुवात करा. २३ ते २५ ऑक्टोबर उत्सव असतो, २३ ऑक्टोबर १८२४ ला राणी चन्नम्मानं इंग्रजांना हरवलं त्याचा. मिरवणुकीत डोळ्ळु कुणित, करडी मजलु, जग्गलगी असली सगळी कानडी ढोल-वाद्यांची पथकं बघायला मिळतात, धारवाड हायवेलाच आहे, रात्री बस धरून घरी. झेपलं तर मग मुक्कामाचा विचार. तेव्हा फोल्डिंगची कॉट न्या, खाली झोपू नका, उठताना कोण धरणार तुम्हाला पहाटे चारला?

आणि खायला, तीन दिवस टिकणारी कडक ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, लसणीचा खर्डा, वरनं दही तिथंच विकत मिळतं. लिंबू, कांदे, गूळ. पाण्याचा वीस लिटरचा कॅन घरनंच भरून. कुंदा, आमची बेळगावची मिठाई, नेऊ नका, पाहुण्यांना द्यायला म्हणून मी दरसाल नेतो आणि दरसाल मुंग्या लागतात.